'कोसला' खरंच अभिजात आहे, की आपण सगळे एकमेकांना तसं सांगत आलोय?

मसुंदाकाठ

मंडळी, आधी प्रसंग सांगतो, मग भांडायला मोकळे व्हा.

आम्हा सातआठ जणांचा ठाण्यात एक वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, ठरलेल्या पुस्तकावर बोलायचं आणि यजमानांच्या कांदाभज्यांवर ताव मारायचा. या वेळी माझ्या हट्टापायी 'कोसला' घेतली. ऐरोलीला पीजीत राहणारी माझी तेवीस वर्षांची भाची पहिल्यांदाच आली होती. आम्ही पन्नाशीकडे झुकलेले चारपाच बाप्ये 'काय ती भाषा, काय तो पांडुरंग' करत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, हा मुलगा बापाच्या पैशावर पुण्यात काही वर्षं टाइमपास करतो, परीक्षेत आपटतो, घरी येऊन तिथेही काही करत नाही. मुलीने असं केलं असतं तर तिच्यावर कादंबरी निघाली असती का? तिचं लग्न उरकलं असतं."

भजी तळणाऱ्या वहिनी आतून म्हणाल्या, "अगदी बरोबर." त्यानंतर चर्चा काही धड झाली नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९६३ साली देशमुख आणि कंपनीने काढलेली भालचंद्र नेमाड्यांची ही पहिली कादंबरी. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या खेड्यातला सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेलात राहतो, मेस, गॅदरिंग, निवडणूक यांत पैसे आणि उमेद दोन्ही घालवतो. मधेच धाकटी बहीण देवीने जाते. शेवटी तो गावी परततो. सांगताना तो पंचवीस वर्षांचा आहे आणि लिहिताना नेमाडेही साधारण तेवढेच होते.

मी ती पहिल्यांदा एकोणिसाव्या वर्षी वाचली. आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची प्रत होती, पुन्हा बांधलेली, आणि आधीच्या कुणीतरी प्रत्येक 'वगैरे'भोवती शिसपेनने गोल काढलेला. तेव्हा होस्टेलचा भाग वाचताना हसून पोट दुखलं होतं. बहिणीचा भाग मी भराभर उलटला, कारण त्या वयात मरण हे दुसऱ्यांच्या घरी होतं. गावाकडचा शेवट तर कंटाळाच वाटला होता.

आता सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वाचली आणि सगळं उलटंपालटं झालं. होस्टेलच्या गमतीजमती लांबल्यासारख्या वाटल्या. बहिणीच्या भागात अडकलो, पुढे जाता येईना. आणि एकोणिसाव्या वर्षी जो खलनायक वाटायचा तो बाप आता चक्क माझ्या बाजूचा माणूस वाटायला लागला. (घरात बारावीतला मुलगा असल्याचा परिणाम असावा.)

एकाच पुस्तकाची अशी दोन पुस्तकं होत असतील तर ते जिवंत आहे असं मी धरून चाललो होतो. पण भाचीच्या हातात त्यातलं एकही पुस्तक आलं नाही, तिला तिसरंच दिसलं. तर सांगा, ही अभिजात आहे की आमच्या पिढीची होस्टेलची आठवण आहे?

पाचपाखाडी_पोस्टमन

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

अवांतर: ऑक्टोबर २०२४ मध्ये अख्खी मराठीच अभिजात झाली. आता कादंबरीने वेगळा अर्ज कशाला करायचा?

जुनी_जिल्द

मी एका सार्वजनिक वाचनालयात तीस वर्षं काढली, त्यामुळे हा प्रश्न मला टीकाकारांच्या बाजूने कधी पडलाच नाही. आमच्याकडे पुस्तक किती टिकाऊ आहे याची एक साधी कसोटी होती: ते चोरीला जातं का? पाककृतीची पुस्तकं जायची, पत्रिका मांडायची जायची आणि 'कोसला' जायची. पारितोषिकं मिळालेल्या कित्येक कादंबऱ्या मात्र वर्षानुवर्षं जागच्या हलल्या नाहीत. बिचाऱ्यांना कुणी चोरूनसुद्धा नेलं नाही.

वर 'एकमेकांना सांगत आलोय' असं म्हटलंय म्हणून एक गोष्ट नोंदवते. या कादंबरीचं स्थान पुरस्कारांनी ठरवलेलं नाही. नेमाड्यांना साहित्य अकादमी मिळाली १९९१ ला, तीही 'टीकास्वयंवर' या समीक्षेच्या पुस्तकाला. ज्ञानपीठ २०१४ चं. म्हणजे पुस्तक आल्यावर पन्नास वर्षांनी. पु. लं.सारख्यांनी सुरुवातीलाच कौतुक केलं होतं हे खरं, पण पु. लं.नी कौतुक केलेली सगळी पुस्तकं आज कोण वाचतंय? ही टिकवली ती कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांनी.

आणि तिच्या आधीची कादंबरी कशी होती ते आठवा. फडके-खांडेकरांच्या वळणाची. नायक देखणा, नायिका त्याहून देखणी, संध्याकाळ झाली की दोन परिच्छेद आकाशाला. त्यात हा पांडुरंग येतो आणि पहिल्याच वाक्यात स्वतःचं वय सांगताना 'उदाहरणार्थ' म्हणतो. वयाला उदाहरणार्थ! हे तेव्हा वाचताना काय वाटलं असेल याची आज कल्पना येणार नाही.

वाशी_सेक्टर_९

आता कुणीतरी बोलायलाच हवं म्हणून बोलतो. 'कोसला' म्हणजे मराठीतलं 'कॅचर इन द राय' आहे. सॅलिंजरचं पुस्तक १९५१ चं, हे १९६३ चं. चिडलेला मुलगा, प्रथमपुरुषी बडबड, शिक्षणाचा तिटकारा, 'सगळे खोटारडे' हा सूर, त्याच त्याच शब्दांची लकब, भावंडाचा मृत्यू. अजून किती साम्यं हवीत? मूळ वाचलं असेल तर ही कादंबरी नवी वाटत नाही, एवढंच.

मसुंदाकाठ

मी दोन्ही वाचल्या आहेत आणि साम्य नाकारणार नाही. पण जरा बारकाईने बघू या.

सॅलिंजरचा नायक होल्डन शाळेतून काढला जातो आणि नाताळच्या आधीचे दोनतीन दिवस न्यूयॉर्कमध्ये भटकतो. पांडुरंगाची गोष्ट काही वर्षांची आहे, आणि त्यातली निम्मी चीड हिशेबाची आहे: मेसचे पैसे, उधारी, घरून येणारी मनीऑर्डर. होल्डनचा भाऊ ॲली ल्युकेमियाने गेलेला आहे, पण कादंबरी सुरू व्हायच्या आधीच. ती जखम जुनी आहे. शिवाय त्याच्या हाती शेवटी फीबी उरते, दहा वर्षांची जिवंत बहीण, फिरत्या घोड्यावर बसलेली. पांडुरंगाची बहीण कादंबरीच्या मध्यात मरते आणि त्यानंतर पुस्तकाचा आवाजच बदलतो. होल्डनकडे जे वाचलं तेच पांडुरंगाकडून गेलं.

आणखी एक. होल्डनला कधी विचार करावा लागत नाही की बापाच्या शेताचं काय करायचं. पांडुरंगाला परत जावंच लागतं, आणि परत जाणं हाच आपल्याकडे मोठं होण्याचा सगळ्यात अवघड भाग आहे. आपल्या किती मित्रांचं असं झालंय बघा.

तापीकाठ_ते_घणसोली

मी यावल तालुक्यातला. २००६ मध्ये नोकरीसाठी नवी मुंबईत आलो. घणसोलीत पहिल्या वर्षी चौघं एका खोलीत राहायचो, त्यातल्या एकाकडे ही होती.

वर सगळे भाषेचा प्रयोग, भाषेचा प्रयोग म्हणताय. तुम्हाला तो प्रयोग वाटतो. आम्हाला घरून आलेलं पत्र वाटलं. गावाकडची माणसं जशी बोलतात, म्हणजे मूळ मुद्दा सोडून चार गावं फिरून येतात आणि मग 'असं झालं वगैरे' म्हणून गप्प बसतात, तसंच लिहिलंय. पुणेकरांनी त्याला बंडखोरी म्हटलं. आमच्याकडे त्याला बोलणं म्हणतात.

पांडुरंगाची अडचण काय आहे ते होस्टेलात न राहिलेल्याला कळणार नाही. तो पुण्यात गावंढळ आणि गावात पुणेरी. मी पहिल्या दिवाळीला घरी गेलो तर आई म्हणाली, 'तू आता पाहुण्यासारखा चहा पितो.' एवढंच म्हणाली. पण मग चहा कसा प्यायचा हेच मला कळेना.

पाचपाखाडी_पोस्टमन

पण त्यातली अहिराणी मला झेपत नाही राव.

तापीकाठ_ते_घणसोली

अहिराणी नाही!! खानदेश म्हटलं की अहिराणी असं सगळे धरून चालतात. सांगवी पूर्व खानदेशात येते, तिथली लेवा बोली वेगळी. बहिणाबाई चौधरींच्या कविताही लेवा बोलीतल्या, त्यांनाही लोक खुशाल अहिराणी म्हणतात. आणि निवेदन तर बहुतेक साध्या मराठीतच आहे, बोली मुख्यतः गावातल्या माणसांच्या तोंडी येते. त्यामुळे झेपत नसेल तर दोष बोलीला देऊ नका. :)

पाचपाखाडी_पोस्टमन

चूक कबूल. पॉपकॉर्न परत करतो.

कळवा_खारीगाव

धागाकर्त्यांच्या भाचीला माझ्याकडून एक प्लेट भजी जास्त.

मी एम. ए. ला असताना ही कादंबरी अभ्यासली. वर्गात तीस मुली आणि सहा मुलगे होतो. सरांनी दोन तास पांडुरंगाच्या एकटेपणावर घालवले. या घरात आई आहे, आजी आहे, बहिणी आहेत, त्यांच्या एकटेपणाचं काय, असं एकीने विचारलं. सर म्हणाले, 'तो या कादंबरीचा विषय नाही.' बरोबरच म्हणाले. माझं म्हणणं तेच आहे की तो विषय नाही.

आता बहिणीच्या मरणाचा भाग. मी तो किती वेळा वाचला असेल. मराठीत मरणावर इतकं उघडंवाघडं फार थोडं लिहिलं गेलंय, याबद्दल वाद नाही. पण तिथे पांडुरंगाच्या मनात एक विचार येतो तो बघा. ती गेली म्हणजे तिच्याबरोबर तिचं इवलंसं गर्भाशयही गेलं, तिच्यापासून पुढे निघणारी एक अख्खी रांगच नाहीशी झाली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला. लहानशी मुलगी मेली तर तिच्यातली कोणती गोष्ट मोजली गेली? ती पुढे काय शिकली असती, कुणाशी भांडली असती, हे नाही. तिच्या पोटी कोण आलं असतं, हे. पुस्तकातल्या सगळ्यात हळव्या जागीसुद्धा मुलीचा हिशेब तसाच लागतो.

म्हणजे वाईट पुस्तक आहे असं म्हणत नाहीये मी. अभिजात म्हणा. पण त्यात मी कुठे उभी राहून वाचायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

तापीकाठ_ते_घणसोली

ताई, मुद्दा पटतो, तरी एक बाजू मांडतो. शेतकऱ्याच्या घरात सगळ्याचाच विचार असा होतो. गाय गेली तर एक गाय जात नाही, तिचा वाण जातो. झाड तोडलं तर पुढच्या सावल्या जातात. पांडुरंग शिकला-सवरला, पण दुःखाच्या वेळी त्याच्या तोंडी आपल्या मातीचीच भाषा आली. तो तिला कमी लेखत नव्हता. त्याच्याकडे नुकसान मोजायचं सगळ्यात मोठं माप तेच होतं.

कळवा_खारीगाव

हे चांगलं सांगितलंत. लेखक मोठा का वाटतो तेही त्यातून कळतं. पण तुम्ही गाईचंच उदाहरण दिलंत, हेही बघा.

तापीकाठ_ते_घणसोली

... निरुत्तर.

जुनी_जिल्द

एक अनुभव सांगते. गेल्या वर्षी सोसायटीतल्या एका मुलीला ही वाचायला दिली. तिने विचारलं, "काकू, 'देवी आल्या' म्हणजे काय? घरात पूजा होती का?" मी माझा दंड पुढे केला. आमच्या वयाच्या सगळ्यांच्या दंडावर लशीचे वण असतात. तिने ते कधी नीट पाहिलेच नव्हते. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला, आणि १९८० साली जगातूनच रोग गेल्याचं जाहीर झालं. म्हणजे कादंबरी आली तेव्हा देवी ही शेजारच्या आळीतली गोष्ट होती. तेव्हाच्या वाचकाला त्या प्रकरणात काही समजावून द्यावं लागत नव्हतं, नुसता शब्द आला की पोटात गोळा यायचा. आजच्या मुलीला आधी शब्दाचा अर्थ लागायला हवा, मग दुःख. तेवढ्या अंतरात काहीतरी सांडतंच.

पण तरीही त्या मुलीने तोच भाग फोटो काढून आईला पाठवला. का, ते मी विचारलं नाही.

वाशी_सेक्टर_९

माझा मुद्दा बाजूलाच पडला. ठीक आहे, नक्कल हा शब्द मी वापरलेला नाही आणि वापरणारही नाही. पण आणखी एक गोष्ट खटकते. या कादंबरीने मराठीत जी पोरं जन्माला घातली ती बघा. नंतरची किती वर्षं जो तो होस्टेल, सिगरेट, चहाची टपरी, कंटाळा आणि 'वगैरे' लिहीत होता. एका चांगल्या पुस्तकापायी शंभर वाईट पुस्तकं सोसावी लागली.

मसुंदाकाठ

हा आरोप मान्य. पण मला तर हीच खरी गोम वाटते. या धाग्यावर आपण सगळे कसं लिहितोय बघा. मुद्द्यावरून घसरतोय, कंसात टोमणे मारतोय, स्वतःचीच खिल्ली उडवतोय, गंभीर काही बोललो की पाठोपाठ 'वगैरे' टाकतोय. १९६० च्या आधी कुणी मराठी माणूस छापील कागदावर असं लिहायला सहसा धजावत नसे. आज ज्याच्याकडे फोन आहे तो असंच लिहितो. पांडुरंगाचा आवाज इतका सगळीकडे पसरलाय की मूळ पुस्तक वाचणाऱ्याला त्यात नवं काय ते दिसत नाही. माझ्या भाचीला भाषेत काही विशेष वाटलं नाही त्याचं कारण हेच असावं. ती जन्मापासून त्याच भाषेत चॅट करतेय.

वाशी_सेक्टर_९

मग तो ऐतिहासिक महत्त्वाचा ग्रंथ झाला. संग्रहालयात ठेवा, काचेखाली. आपलं ठाणं १८५३ मध्ये रेल्वेने मुंबईला जोडलं गेलं म्हणून आज कुणी वाफेच्या इंजिनाने ऑफिसला जात नाही.

मसुंदाकाठ

हा हा, हे मात्र लागलं.

भाषेपुरतं तुमचं बरोबर आहे. नुसती भाषाच असती तर मीही काचेखाली ठेवली असती. पण मित्राबरोबर इतिहासावरची ती लांबलचक थट्टा आहे ना, भविष्यातले संशोधक आपल्या काळाचे अवशेष खणून काहीच्या बाही निष्कर्ष काढतात ती, ती आज बातम्या बघताना आठवते. बहिणीचा भाग आहे. आणि बाप-लेकाचं एकमेकांशी न बोलणं आहे. दोघंही एकमेकांवर पैसे, वर्षं, अपेक्षा यांची उधारी लिहीत बसलेत आणि खातं काही मिटत नाही. हे इंजिन अजून चालतं. कुरकुरत, पण चालतं.

होस्टेलचा भाग लांबलाय यावर मी ठाम आहे. तिथे शे-पाऊणशे पानं कमी असती तरी चाललं असतं.

तापीकाठ_ते_घणसोली

निषेध! तीच तर मजा आहे. कंटाळ्याबद्दल लिहायचं तर वाचकालाही थोडा कंटाळा यायला नको?

मनोरमानगरचे_मास्तर

उशिरा आलो, शाळेत परीक्षा चालू आहेत. एवढंच सांगतो की यातला उतारा पाठ्यपुस्तकात आला की खाली प्रश्न येतो: 'पांडुरंगाच्या स्वभावाची वैशिष्ट्ये लिहा. (गुण ४)' मुलं लिहितात: १. प्रामाणिक २. संवेदनशील ३. बंडखोर. चौथा गुण हवा म्हणून एकाने लिहिलं होतं, 'घरच्यांवर प्रेम करणारा, पण सांगता न येणारा.' मी चारपैकी पाच दिले असते, सोय नव्हती.

कळवा_खारीगाव

मास्तर, त्या मुलाला इथे बोलवा.

ट्रान्सहार्बर_८_२२

मी ती भाची. मामांनी लिंक पाठवली. 'तुझ्यावर धागा काढलाय' हे वाचून ऑफिसात घाम फुटला.

आधी एक कबुली. मी पूर्ण वाचलेली नव्हती. शेवट नेटवर वाचला. मामा, सॉरी. मी बहिणीच्या भागापर्यंत गेले आणि थांबले. कट्ट्यावर कंटाळवाणी आहे म्हणून थांबले असं म्हटलं, पण तसं नव्हतं. माझ्या दादाच्या आजारपणात मी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होते. घरून रोज फोन यायचा की तो बरा आहे, तू परीक्षा दे. तो आता खरंच बरा आहे, घाबरू नका. पण लांब राहणाऱ्याला घरच्या गोष्टी कशा कळतात, अर्ध्या, उशिरा आणि गोड करून, ते मला माहीत आहे. ते वाचलं आणि पुस्तक बॅगेत टाकलं. पुढचे चार दिवस ठाणे-ऐरोली नुसती खिडकीतून खाडी बघत गेले.

तरी माझं मत तेच आहे. मुलीने असं केलं असतं तर कादंबरी निघाली नसती. कळवा_खारीगाव ताईंनी लिहिलेलं मला कट्ट्यावर बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ती चॅटच्या भाषेची थिअरी, मामा, तुम्ही माझे चॅट वाचता का?

मसुंदाकाठ

नाही गं बाई. फॅमिली ग्रुपवरचेच.

जुनी_जिल्द

बाळ, शेवटचा भाग गावातल्या पावसाळ्यात वाचायचा असतो. नाहीतर निदान रविवारी. लोकलमध्ये नको, तो हळू आहे.

तापीकाठ_ते_घणसोली

ट्रान्सहार्बर, तुझी प्रत मामांची असेल तर परत करू नको, परत मिळालेली 'कोसला' मी आजवर पाहिली नाही. माझीसुद्धा खोलीतल्या त्या चौथ्याचीच आहे. तो आता बेंगळुरूला असतो, अजून मागतो.

ट्रान्सहार्बर_८_२२

मामांची नाही, लायब्ररीची आहे. गुरुवारी मुदत संपतेय. सगळ्या 'वगैरे'भोवती कुणीतरी गोल काढून ठेवलेत.

मसुंदाकाठ

काय सांगतेस! बांधणी कुठल्या रंगाची आहे?